जांभळ्या रेघेच्या आत

माझं काम नकाशे रंगवायचं. राहायला अल कुसैसमध्ये आणि ड्राफ्टिंगची नोकरी मरीना भागातल्या एका नगररचना सल्लागाराकडे. त्या जानेवारीत माझ्या स्क्रीनवर उत्तरेकडच्या एका अमिरातीतला समुद्राकाठचा तुकडा होता. त्याच्याभोवती जांभळी रेघ मारायची होती. या रेघेच्या आत कॅसिनो चालणार. परवाना देणारं खातं अख्ख्या देशाचं एकच, पण आपल्या जमिनीवर कॅसिनो हवा की नको, आणि हवा तर कुठे, हे ज्या त्या अमिरातीने ठरवायचं, असं साहेबांनी समजावलं. रेघेच्या आत जुगार म्हणजे पर्यटक आणि नोकऱ्या. बाहेर तोच जुगार म्हणजे केस, आणि मग परतीचं विमान. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. नकाशा दुसऱ्याचा असला की वाटत नाहीच.

त्याच आठवड्यात माझ्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. आमच्या बायकांचं तिळगूळ आणि वाणावर भागत नाही, हाऊजी लागतेच. आकडे पुकारायचे, तिकिटावर खोडायचे, जिची ओळ आधी भरेल तिला बक्षीस. मी हौसेने निमंत्रण लिहिलं, शेजारच्या दोघी अमराठी म्हणून इंग्रजीतही: हाऊजी खेळू, तिकीट पाच दिरहम, बक्षीस रोख. आणि ते पाठवलं बायकांच्या ग्रुपऐवजी अख्ख्या बिल्डिंगच्या ग्रुपवर. त्यात भाडेकरू होते, वॉचमन होता, मालकाच्या ऑफिसातली माणसंही होती.

नवऱ्याने पाहिलं. "अगं, काय केलंस हे? आधी डिलीट कर."

मी केलं. त्या जागी 'मेसेज डिलीट केला आहे' अशी ओळ आली, आणि ती मूळ निमंत्रणापेक्षा वाईट दिसायला लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बिल्डिंगच्या ऑफिसातून फोन आला. "मॅडम, शाम को आके मिलो." कशासाठी, ते सांगितलं नाही. नवऱ्याची नोकरी सुटलेली, तिघांचेही व्हिसे माझ्या नोकरीवर, आणि लेकीची बारावीची परीक्षा महिन्यावर. माझ्यावर केस झाली तर तिला पेपर न देताच हा देश सोडावा लागणार होता. मी घाबरले होते आणि स्वतःवर भयंकर चिडलेही होते. साहेब मागे येऊन उभे राहिले तेही कळलं नाही.

"लाइन पानी में जा रही है," ते म्हणाले. मी कॅसिनो समुद्रात नेऊन ठेवला होता.

संध्याकाळी मॅनेजरच्या टेबलावर माझ्या निमंत्रणाचा छापलेला स्क्रीनशॉट होता.

"पैसे लेके खेलते हो, मॅडम?"

"नहीं भाईसाब. बच्चों का गेम है. पैसे का गलती से लिखा."

इतक्या वर्षांच्या आमच्या हौसेला पोरखेळ ठरवून मी मोकळी झाले.

"ठीक है, खलास. आगे से नहीं. कुछ नहीं होगा, इन्शाल्ला."

मग त्याने तो कागद घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवला. मला तो मागून घ्यायचा होता, पण मी शुक्रिया म्हणून उठले.

हळदीकुंकू झालं, हाऊजीविना. बायका वाण घेऊन लवकर उठल्या. जेवताना मी लेकीला सगळं सांगितलं, समुद्रात गेलेल्या रेघेसकट. तिचा जन्म इथला, भारत म्हणजे सुट्टीतले पंधरा दिवस. मला वाटलं, आईचा वेंधळेपणा ऐकून हसेल.

"आई, कॅन यू ड्रॉ दॅट लाइन अराउंड अवर बिल्डिंग?"

"रेघ मी नुसती मारते गं. ठरवतात दुसरे."

"तो कागद अजून त्यांच्याकडेच आहे ना?" एवढं विचारून ती ताट उचलून आत गेली. सकाळी डबा ठेवायला तिची बॅग उघडली, तर पुस्तकांच्या खाली तिचा पासपोर्ट होता. कपाटातून तिने तो कधी काढला, मला कळलं नव्हतं. मी डबा ठेवला आणि पासपोर्ट तिथेच राहू दिला.