दहाव्याला दिलेला शब्द आणि उडणाऱ्याचा दुसरा भाग

अंगावर आख्खी इमारत पडल्यावर जो माणूस धूळ झटकून उठतो, त्याची हाडं कशाची असतात?

हे मी आधी दादाला विचारलं होतं. तो म्हणाला, "गप, पुढं बघ." मग शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना रस्त्यात गाठून विचारलं. ते म्हणाले, तू आठवीत शाळा सोडलीस तेच बरं झालं. आणि शेवटी, रस्त्यात बिनदिव्याच्या उभ्या केलेल्या उसाच्या ट्रॉलीवर दादाची मोटरसायकल आदळली, त्या दिवशी पंचनामा लिहिणाऱ्या हवालदाराला विचारलं. त्यानं पेन थांबवलं, माझ्याकडं पाहिलं आणि आमच्या आण्णांना म्हणाला, "ह्याला जरा बाजूला घ्या."

उत्तर कुणीच दिलं नाही. ते जाऊ द्या. मी बसलोय माझ्या गाढवपणाचा किस्सा सांगायला. चहा घ्या, आणि मध्ये हसू आलं तर खुशाल हसा. आमच्या दहाव्यालासुद्धा एकजण हसलाच होता.

तर दादा म्हणजे संदीप, माझा थोरला भाऊ. तिसगावातून पिकअपमध्ये कांदा भरून तो नगरच्या मार्केटला जायचा. कागदावर आता अहिल्यानगर झालंय, पण आमच्या तोंडात नगरच. गाडी खाली झाली की आम्ही दोघं थेट थेटरात. अंगाला कांद्याचा वास असा, की शेजारची माणसं इंटरव्हलनंतर दुसरीकडं जाऊन बसायची. दादा म्हणायचा, "बघ दत्त्या, आपली बी पावर हाय."

आम्ही प्रेमाचे पिक्चर पाहिले नाहीत. आम्हाला मारामारीचे लागायचे. दक्षिणेकडचा दाढीवाला, जो एका लाथेत जीप उलटी करतो आणि विडी मात्र विझू देत नाही. नाहीतर परदेशातले उडणारे, चिकटणारे, आडवे-तिडवे वाढणारे. आताशा तेही सगळे एकाच साच्यातले झालेत म्हणा. शेवटी आभाळात निळा उजेड जाणार, शहर जमीनदोस्त होणार, आणि ज्यांची घरं पडली त्यांचा पंचनामा कुणी करणार नाही. व्हिलनकडं बंदूक असली तरी तो आधी भाषण करणार. मला हे कळायचं नाही. दादा मला अंधारात कानाशी लागून समजावायचा: हा कोण, तो कुणाचा, मागच्या पिक्चरमध्ये ह्याचं काय झालं होतं. खरं सांगू? मी पिक्चर डोळ्यांनी पाहिलेच नाहीत. मी ते कानानं पाहिले.

शेवटचा जो आम्ही पाहिला, त्यात उडणारा हिरो एका धरणाखाली गाडला गेला आणि पडदा काळा झाला. मेला का जगला, काहीच सांगितलं नाही. दादाला करंजी घाट उतरेपर्यंत चैन नव्हतं. "दुसऱ्या भागात कळंल," म्हणाला. दुसरा भाग यायच्या आधी ट्रॉली आली.

आता दहाव्याचं ऐका.

आमच्याकडं दहावा म्हणजे नुसता विधी नसतो, सभा असते. नदीकाठी मांडव, खुर्च्या, माईक. महाराजांचं प्रवचन, मग पुढाऱ्यांच्या श्रद्धांजल्या. एकानं दादाचं नाव चिठ्ठीवर बघून वाचलं आणि त्याला "हरहुन्नरी नेतृत्व" म्हणाला. दादानं उभ्या जन्मात पिकअप सोडून कशाचंच नेतृत्व केलं नव्हतं.

मग पिंड ठेवला. सगळे मागं सरले. कावळे बाभळीवर ओळीनं बसलेले, आणि एकही खाली येईना.

कावळा शिवला नाही म्हणजे मेलेल्या माणसाची इच्छा राहिलेली असते, हे तुम्हाला ठाऊक आहे. मग जवळच्यांनी एकेक शब्द द्यायचा. आण्णा, म्हणजे आमचे चुलते, पुढं झाले. वडलांच्या मागं त्यांनीच आम्हाला वाढवलेलं. म्हणाले, "संदीप, तुझ्या बायकूला आमी कवा अंतर देणार न्हाई." कावळे ढिम्म. मामा म्हणाला, "तुझी पिकअप इकणार न्हाई." एक कावळा उतरला, पिंडाला चक्कर मारली आणि मामाकडं बघून परत गेला. बहुतेक त्याला मामाचा भरवसा वाटला नसावा.

ऊन चढलं. पुढारी घड्याळ बघायला लागले. मागून कुणीतरी म्हणालं, "दर्भाचा कावळा करा आन उरका." हे 'उरका' मला लागलं. मी तरातरा पुढं गेलो. भटजींचे मंत्र सगळ्यांना ऐकू जावेत म्हणून माईक तिथंच उभा होता, तो काही मला दिसला नाही. मी आपला दादाशी बोलतोय असं समजून बोललो:

"दादा, त्या उडणाऱ्याचा दुसरा भाग मी बघीन. पैल्या दिवशी, पैला खेळ. आन तुला समदी ष्टोरी येऊन सांगीन. आता तरी खा की रं."

चारी भोंग्यांतून सगळ्या नदीला ऐकू गेलं. आणि कावळा आला. आला तो आला, दहीभात चोच भरून घेऊन गेला.

मग पाहुण्यांतला एकजण हसला. मी मघाशी म्हणालो तो हाच.

झालं. तिसगावात दुसरी गोष्टच नाही. बायकोला दिलेल्या शब्दाला कावळा शिवला नाही, पिक्चरला शिवला. मला वाटलं, बोलतील चार दिवस आणि विसरतील. पण तेराव्याची भांडी घासून होतात न होतात तोच कळलं, दुसरा भाग लागतोय. नगरला, येत्या शुक्रवारी.

घरात बैठक बसली. वहिनीचा भाऊ आधीच तापलेला. "दुखवट्याच्या घरातला पोरगा शिनेमाला? लोक तोंडात श्यान घालतील आमच्या."

आण्णा म्हणाले, "मग कावळ्याला काय सांगू, पाव्हणं?"

"आवो, पोरकट बोलला तो."

"बोलला पोरकट, पन घेतला ना त्यानं? चारचौघांत दिल्याला शब्द हाय. न्हाई फेडला तर संदीप अडकून ऱ्हाईल तिकडं. त्ये चालंल का तुमाला?"

शेवटी ठरलं की मी जायचं, पण मजा म्हणून नाही. पांढरे कपडे, डोक्यावर टोपी. शिट्टी नाही, हसणं नाही, तोंडात काही टाकायचं नाही. आणि शब्द चारचौघांत दिलेला, म्हणून साक्षीला आण्णा, मामा आणि भावकीतले दोघे बरोबर येणार. पिक्चरला जायची अशी तयारी मी कधी पाहिली नव्हती. अस्थी सोडायला गेलो तेव्हा यापेक्षा कमी माणसं होती.

निघताना वहिनी दारात आली. दहाव्यापासून ती कुणाशी धड बोलली नव्हती. म्हणाली, "भाऊजी, नीट बघा. ह्यांना अर्धवट गोष्ट सहन व्हायची न्हाई. जेवताना बी तेच, त्यो उडनारा मेला का जगला. तेवढं नक्की कळू द्या ह्यांना."

मी हो म्हणालो. तेवढ्यासाठीच तर चाललो होतो.

थेटर त्या दिवशी पोरांनी भरलेलं. कुणी केप घातलेली, कुणी तोंड रंगवलेलं. आम्ही पाच जण पांढऱ्या कपड्यांत आत शिरलो. दारावरच्या माणसानं अंग चाचपताना माझी टोपी काढायला लावली. वस्तऱ्याचं डोकं अजून चकचकीत होतं. आता, या पिक्चरचा व्हिलन कसा आहे? टकल्या. पांढरा झगा घालतो, आणि मागं पांढऱ्या कपड्यांतले चार चेले घेऊन फिरतो.

कॉलेजची पोरं धावतच आली.

"भावा, कडक. टक्कल खरं हाय का?"

"खरं हाय."

"पिक्चरसाठी केलं?"

"न्हाई. भावासाठी."

"काय भाऊ आसंल राव." त्यानं दुसऱ्याला हाक मारली. "अय, ये हिकडं, ह्यांची आख्खी टीम हाय."

"ही आमची भावकी हाय," मी म्हणालो. ऐकतंय कोण. आम्हाला ओळीत उभं केलं. आण्णांना वाटलं, दादाच्या ओळखीची पोरं आहेत, भेटायला आली. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "सोन्यासारखा हुता, बाळांनो. डोळ्यांदेखत गेला."

"काका, काय ॲक्टिंग," एक पोरगा म्हणाला. फोटो काढला आणि आण्णांच्या खांद्यावर थाप मारून गेला.

आण्णा माझ्याकडं वळले. "भली पोरं हायेत रं."

मी आपलं 'हो' म्हणालो. काय सांगणार?

खरा घोटाळा पुढं आहे. हिंदीतला खेळ होता संध्याकाळी. पहिला खेळ इंग्रजीत. मी म्हणालो, आण्णा, आपण संध्याकाळचा बघू. आण्णा म्हणाले, "पैला खेळ म्हनला हुतास. शब्द म्हंजी शब्द." आणि पाचांपैकी एकालाही इंग्रजीचा 'इ' न येणारे आम्ही पाच जण आत जाऊन बसलो.

मामा एसीत लगेच घोरायला लागला. आण्णांनी स्वतःच्या चष्म्यावर तो थ्रीडीचा चष्मा चढवला.

"कोण रं हा?"

"शास्त्रज्ञ."

"काय म्हनतोय?"

"टाइम कमी हाय म्हनतोय."

"एवढा येळ बोलून एवढंच?"

"इंग्रजी लांबडी असती, आण्णा."

मी ठोकून देत होतो. कानाशी सांगणारा कुणी नव्हता. पडद्यावर माणसं बोलत होती आणि मला मुक्या-बहिऱ्यांच्या बाजारात सोडल्यासारखं झालं होतं. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की हे सगळे पिक्चर दादानंच केलेले होते. त्याच्याशिवाय नुसता धूर आणि काचा.

मग धरणाखालून त्या उडणाऱ्याचं मढं काढलं. काचेच्या पेटीत ठेवलं. आता ह्याला निळ्या उजेडात धरणार, मी ओळखलं. धरलं. आणि त्यानं डोळे उघडले.

थेटर डोक्यावर घेतलं पोरांनी. आण्णांनी दोन्ही चष्मे काढले.

"आरं, उठला की रं," ते म्हणाले. अगदी हळू. "एवढ्या दिसांनी उठला." त्यांनी माझं मनगट धरलं. दादाला ट्रॉलीखालून काढलं तेव्हाही न रडलेला हा माणूस, एका रबराची चड्डी घातलेल्या परदेशी पोरासाठी हमसून रडायला लागला.

आणि माझं डोकं फिरलं. मी उभा राहिलो. टोपी कुठं पडली ठाऊक नाही. पडद्याकडं हात करून ओरडलो, "झोप! मेलायस न्हवं तू? मग झोप की गपगुमान! तुलाच तेवढं कसं उठाया येतं रं?"

मग टाळ्या. शिट्ट्या. आख्खं थेटर माझ्या टकलाकडं बघून टाळ्या वाजवतंय. व्हिलन बोलला म्हणे. मागून ती पोरं ओरडली, "भावा, अजून एकदा!"

आयुष्यात मला एवढ्या टाळ्या कधी पडल्या नाहीत. आण्णांनी सदऱ्याला धरून मला खाली बसवलं.

पुढं कुणी कुणाला मारलं ते मी पाहिलं, पण मला ते दिसलं नाही. निळा उजेड गेला, शहर पडलं, उडणारा जगला. एवढं नक्की. नावं सुरू झाली तशी भावकी लघवीला म्हणून बाहेर गेली. मी बसून राहिलो. दादा नावांच्या वेळी कधी उठू द्यायचा नाही. म्हणायचा, खरं ते शेपटात असतं.

शेपूट आलं. उडणारा एका डोंगरावर उभा. समोर काळ्या कपड्यांतला कुणीतरी नवीनच. तो काहीतरी बोलला, उडणाऱ्याचा चेहरा पडला, आणि अंधार. मग अक्षरं. इंग्रजी मला येत नाही, पण तीनचा आकडा येतो.

झाडणारी बाई म्हणाली, "संपलं दादा, उठा आता."

बाहेर आण्णा म्हणाले, "काय करत हुतास येवढा येळ?"

"टोपी सापडंना."

घरी आलो तर ओसरीत माणसं. शब्द माईकवर दिलेला, तर फेडतानाही ऐकायला यायला नको का? वहिनीनं फोटोसमोर दिवा लावलेला. मला पाटावर बसवलं. आणि मी सांगायला सुरुवात केली. येत होतं काय मला? पण दादा जसा सांगायचा तसं सांगितलं, तोंडानं धाडधूड आवाज काढून. मधलं सगळं माझ्या मनचं. शास्त्रज्ञाला मी तलाठी करून टाकला, टकल्याला सोसायटीचा चेअरमन. म्हातारी माणसं माना डोलवत होती. मामा तर म्हणाला, "आसंच हुतं." तो पूर्ण वेळ झोपला होता.

"म्हंजी त्यो जगला?" वहिनीनं विचारलं.

"जगला. आण्णांनी बी बघितलं."

आण्णांनी मान हलवली.

ती फोटोकडं बघत राहिली. मग म्हणाली, "आन मग? अजून पुढं हाय का काही?"

आता बघा. मला दादा ठाऊक आहे. तिसरा भाग आहे म्हटलं असतं, तर तो तिथंच उंबऱ्यात बसला असता. पुढं जायचंच नाव काढलं नसतं. तो काळ्या कपड्यांतला कोण, एवढ्यावर वर्षं काढली असती त्यानं.

तिसऱ्याची पोस्टर लागतील तेव्हा सगळ्या तिसगावाला कळेल की दत्ता पिक्चर बघूनसुद्धा बिनडोकच राहिला. कळू दे.

मी फोटोच्या अगदी जवळ सरकलो, थेटरात तो माझ्या कानाशी यायचा तसा, आणि म्हणालो, "संपला, दादा. शेपूट बी बघितलं मी. काय सुदीक न्हाई त्यात. जा तू."