काकाजींच्या नातीचे बूट

"माही नात हेच घालते."

खोका उघडायच्या आधी हे वाक्य यायचं. मग खोका, मग आतला पातळ कागद, मग बूट. काकाजी तो एका हातानं टाचेला आणि दुसऱ्या हातानं चवड्याला धरून मधोमध वाकवायचे, सोडायचे, काउंटरवर दोनदा आपटायचे आणि समोरच्या बाईच्या तोंडाकडे बघत पुन्हा म्हणायचे, "माही नात हेच घालते. दोन वर्षं पाहाचं काम नाई."

देवळीत मुलीला शाळेचे बूट घ्यायचे म्हणजे बसस्टँडच्या रस्त्यावरचं त्यांचं दुकान, हे ठरलेलं. पाटीवर नाव होतं, पण ते कोणी घेत नसे. सगळे काकाजीच म्हणत, मीही तेच म्हणते. खरं नाव मुद्दाम लिहीत नाही. माणूस आता राहिला नाही, आणि मला त्यांचा राग अजून आहे.

असे दुकानदार तुम्हीही पाहिले असतील. गिऱ्हाइकाला काय हवं ते विचारायचंच नाही, काय नको ते आधी सांगायचं. एखादी पोरगी चालताना लाल-हिरवे दिवे लागणाऱ्या बुटांसाठी भोकाड पसरायची, तर काकाजी तिच्या आईला विचारायचे, "कायले पाह्यजे पायात लाइट? शाळेत अंधार हाय का?" टाचेची चप्पल मागितली तर, "आठ वर्षांच्या पोट्टीले टाच? लग्न करून राह्यले का तिचं?" आणि वर गुलाबी फूल चिकटवलेले ते नाजूक बूट, ज्यांना सगळे बेली म्हणतात, ते दुकानात असूनही दाखवायला कुरकुरायचे. "फूल चार दिवसांत गळते, बाई. मंग पोरगी रडते अन् तुमी मले शिव्या देता."

मग निघायचे काळे, पट्ट्याचे, गोल तोंडाचे बूट. ते पोरीच्या पायात चढवले की तिला दुकानाच्या पायरीवरून खाली उतरवायचे. "जा, त्या रसवंतीले हात लावून येजो. दौडत जाजो, चालत नाई." पोरगी पळत सुटली की काकाजी बाकी गिऱ्हाइकं सोडून तिच्याकडे बघत मोठ्यानं आकडे मोजायचे. माझी जुई तेव्हा तिसरीत होती. ती सोळा म्हणायच्या आत परत आली. "बाप्पा!" काकाजी ओरडले, "पोट्टी हाय का हवा हाय?" जुई खुदकन हसली. पुढचे दोन दात पडलेले होते तिचे.

तरी एखादी बाई घ्यायचं का नाही करत राहिली, तर काउंटरखालून एक फडकं बाहेर यायचं. त्यात गुंडाळलेला जुना जोड. "हे माह्या नातीचे. दोन वर्षं घातले. पायात मावेनात म्हणून काढले. पाहून घ्या." मीही पाहिले. आतलं अस्तर बोटांच्या जागी काळवंडलेलं, पट्टा बकलापाशी मऊ पडलेला. म्हणजे घातलेले होते यात शंका नाही. आणि तळव्यावरच्या बारीक चौकटी मात्र जशाच्या तशा.

ही नात पुलगावची, काकाजींच्या मुलीची मुलगी. जुईपेक्षा एका वर्षानं मोठी. ती चिंचेवर चढायची, खो-खोत कोणाच्या हाती लागायची नाही, शाळेत जायची ती पळत आणि यायची तीही पळत. आम्ही बाया बाहेर आलो की हसायचो. म्हातारा फोकनाड मारतो, नात आहे का वानर? पण तो तळवा आमच्या डोळ्यांनी पाहिलेला असायचा ना. बुटांच्या बाबतीत आम्ही सगळ्यांनी त्यांचं ऐकलं.

आमचं घर गावाबाहेरच्या नव्या ले-आउटमध्ये. तिथून शाळेपर्यंत अर्धा रस्ता नुसत्या गिट्टीचा. जूनमध्ये घेतलेल्या बुटाचं तोंड दिवाळीच्या आधीच उघडलं. मी जुईला घेऊन तणतणत दुकानात गेले. काकाजींनी बूट उलटा केला, तळव्यावरून अंगठा फिरवला आणि जुईकडे पाहिलं.

"पाय घासत चालते का हो ही?"

"रस्ता खराब आहे तिकडचा," मी म्हटलं.

"अन् पुलगावचा काय मखमलीचा हाय का?" असं म्हणून त्यांनी ते फडकं काढलं. चार बायांसमोर माझी मान खाली गेली. मी मुकाट्यानं दुसरा जोड घेतला आणि वाटेभर जुईला बोलत आले. "त्या पोरीचे काऊन नाई फाटत? तिले काय पाय नाईत?"

दुसरा जोड जानेवारीत गेला. त्या दिवशी मी जुईच्या कानाखाली एक दिली. तिचे बाबा हिंगणघाटला जिनिंगमध्ये, आठवड्यातून एकदा घरी येणार. शाळा, अभ्यास, बूट सगळं माझ्या गळ्यात, वरून ऑफिस. ही झाली कारणं. मारलं हे खरं. ती गालावर हात ठेवून म्हणाली, "मी नाई घासत पाय, आई. खरंच नाई घासत."

"मंग आपोआप फाटले का?" मी म्हटलं, आणि त्या दिवसापासून बूट घालून खेळायचं नाही असा फतवा काढला. अनवाणी खेळलं तर शाळेत ओरडायचे. म्हणजे खेळणंच बंद.

चौथीत नवे बूट घ्यायला गेलो तेव्हा काकाजी नेहमीसारखे म्हणाले, "जा, रसवंतीले हात लावून ये." जुई चालत गेली आणि चालत परत आली. पाय नीट उचलून, एकेक जपून टाकत. काकाजींचे आकडे पन्नासाच्या पुढे गेले. "तब्येत बरी नाई का पोट्टीची?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, शहाणी झाली आता.

बूट टिकायलाही लागले. पाचवीत पालकसभा झाली तेव्हा तिच्या बाई मला म्हणाल्या, "जुई खेळतच नाही हो. पटांगणाच्या कडेला बसून असते. खो-खोच्या संघासाठी मी तयार करणार होते तिला, तर म्हणते, बूट खराब होतात." आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. पोरीला वळण लागलं, असं वाटलं.

त्याच वर्षी हिवाळ्यात पुलगावला दिव्यांग प्रमाणपत्राचं शिबिर होतं. मी आरोग्य खात्यात कारकून, माझ्याकडे नोंदणीचं टेबल. मान वर करायला फुरसत नव्हती. "नाव सांगा," म्हटलं आणि ओळखीचा आवाज आला.

काकाजी उभे होते. कडेवर अकरा वर्षांची मुलगी. एवढ्या मोठ्या मुलीला कडेवर घेतलेलं बघायची डोळ्यांना सवय नसते. तिचे पाय त्यांच्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होते, आणि पायांत काळे, पट्ट्याचे, गोल तोंडाचे बूट होते.

आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं.

"लिहा ना, बाई," काकाजी म्हणाले.

मी लिहिलं. नाव, वय. चालता येतं का, नाही. केव्हापासून, जन्मापासून. हे शेवटचं मला दोनदा विचारावं लागलं, कारण पहिल्यांदा ते काय म्हणाले ते माझ्या कानात शिरलंच नाही. मला ते फडक्यातले बूट दिसत होते. मी वेड्यासारखी तळवाच बघत राहिले होते. चालणाऱ्या पायाच्या बुटावर बोटांपाशी आडवी घडी पडते, ती आहे की नाही हे मी पाहिलंच नव्हतं. आणि रस्त्यानं जुईला काय काय बोलले होते, तेही सगळं आठवलं.

गर्दी ओसरल्यावर मी त्यांना व्हरांड्यात गाठलं. नातीला खुर्चीवर बसवून ते तिला केळं सोलून देत होते. मी तोंड उघडणार तेवढ्यात तीच बोलली.

"तुमी जुईच्या आई ना? आबांनी सांगतलं आता." बोलकी होती पोरगी, डोळे टपोरे. "जुई लय जोरात पळते ना? सोळाच्या आत रसवंतीले हात लावून वापस येते. आबांच्या दुकानात तिचाच पहिला नंबर हाय. आता किती लागतात तिले?"

जुई पळाली त्याला दोन वर्षं होत आली होती. मी काकाजींकडे पाहिलं. ते केळ्याच्या सालीकडे बघत होते.

"आता चौदा," मी म्हटलं.

"चौदा!" ती खूश झाली.

काकाजींना मी बाजूला खांबापाशी नेलं. "काकाजी, तुमी मले उल्लू बनवलं. साऱ्या गावाले बनवलं. चिंचेवर चढते म्हणे! खो-खो खेळते म्हणे!"

ते म्हणाले, "दुकानात बसलो का चालते ती. सांगता सांगता मलेच खरं वाट्टे, बाई. पुलगावले गेलो का नाई वाटत."

माझा राग मावत नव्हता. "मी माह्या पोरीले मारलं, काकाजी. तुमच्या ह्या बुटांपायी मारलं. खेळणं बंद केलं तिचं."

त्यांचा चेहरा उतरला. "मारलं? जुईले?" त्यांना हे खरोखरच ठाऊक नव्हतं. बूट घेऊन गेलेल्या गिऱ्हाइकाच्या घरी पुढे काय होतं, हे कधी त्यांच्या मनातही आलं नसेल. "बूट फाटले म्हणून कोणी पोरीले मारते का, बाई?"

हे त्यांनी मला विचारावं! मी ताडताड निघून आले. तुम्ही म्हणाल, त्या नातीकडे पाहून तरी गप्प बसायचं होतं. पाहिलं म्हणूनच तर जास्त बोलले नाही.

आठ दिवसांनी, रविवारी सकाळी, ते आमच्या घरी आले. हातात खोका. मी दारातच उभी राहिले, आत या म्हटलं नाही.

"हा पोरांचा बूट हाय," ते म्हणाले. त्यांनी बूट काढून मला तळवा दाखवला, चांगला बोटभर जाड. "पोरींच्या बुटाले कंपनी तळवाच पातळ टाकते. पोरी बसून राह्यतात असं वाट्टे त्याइले. हा घाला जुईले, गिट्टीवर टिकन. दौडू द्या तिले."

"हे तुमाले तिसरीतच माहीत होतं?"

"होतं."

"मंग तेव्हा काऊन नाई दाखवला?"

"पोरांचा बूट पोरीले दाखवला का बाया उठून जातात. म्हणून पोरींचाच दाखवतो, अन् नातीचं सांगतो."

मी खोका त्यांच्या हातात परत दिला आणि दार लावून घेतलं. खिडकीतून पाहिलं, तर ते फाटकापाशी थोडा वेळ थांबले आणि मग गिट्टीवरून सावकाश निघून गेले. आतून जुईनं विचारलं, "कोण आलतं, आई?"

"कोणी नाई," मी म्हटलं.

त्या दुकानाची पायरी मी पुन्हा चढले नाही. बूट वर्ध्याहून आणू लागले. जुईला बुटांवरून बोलणं बंद केलं. खेळू नको म्हटलं नाही, आणि खेळ असंही म्हटलं नाही. काय सांगणार होते? एका म्हाताऱ्याच्या थापेवर भरवसा ठेवून मी तुला मारलं, असं? मला ते जमलं नाही. मनात काकाजींना शिव्या देणं सोपं होतं, तेच करत राहिले.

गेल्या उन्हाळ्यात काकाजी गेले. त्यांच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं लटकतात. जुई बारावीला आहे, वर्ध्याला राहते. दिवाळीत घरी आली तेव्हा माझ्यासमोर बसून शेंगा फोडत होती. तिनंच विषय काढला.

"ते 'माही नात'वाले काकाजी गेले म्हणे?"

"हो."

"त्याइच्या नातीचा लय राग यायचा मले. वाटे, एकदा भेटली पाह्यजे. चांगली एक ठेवून देईन तिले."

मग मात्र मला राहवलं नाही. मी सगळं सांगितलं. शिबिर, कडेवरची ती पोरगी, तिनं विचारलेला जुईचा आकडा, दारात आणलेला खोका. सांगताना काकाजींवरचा राग पुन्हा वर आला. केवढा खोटारडा माणूस, असंही म्हणाले मी.

जुईचे हात थांबले होते. मला वाटलं, आता ती त्या पोरीसाठी रडेल, नाहीतर काकाजींना दोन शिव्या देईल.

"तुले कळलं तेव्हा मी कितवीत होती?" तिनं विचारलं.

"पाचवीत."

हातातली शेंग तिनं न फोडताच परत ठेवली.

"आमच्या शाळेचा खो-खोचा संघ सहावीत जिल्ह्याले गेलता," ती म्हणाली. "तेव्हा सांगतलं असतं तर मी बी गेली असती, आई."

काकाजी असते तर मी तशीच उठून त्यांच्याशी भांडायला गेले असते. ते नव्हते. जुई माझ्याकडेच बघत होती.