दातेरी रेघ

कुमुदिनी चौबळ दबून बोलणाऱ्यांतली नव्हती. दिल्लीत, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेली. भाजीवाल्याशी हिंदीत आणि नवऱ्याशी मराठीत सारख्याच ताठ्याने भांडायची. जवळच मानेसरला नवे कारखाने उभे राहत होते, तेव्हा तिथल्या एका कारखान्यात ती इंजिनिअर म्हणून लागली. अजून कायम व्हायची होती.

तिथे मोटारसायकलच्या टाक्या रंगवत. रंगावर बारीक फोड येत आणि गिऱ्हाईक कंपनी टाक्या परत पाठवी. रंगवताना मध्येच हवा दमट होते, असा कुमुदिनीला संशय. पण ओलावा मोजणारं जुनं यंत्र इतकं सुस्त, की हवा दमट होऊन पुन्हा कोरडी झाली तरी काटा जागचा हलत नसे. म्हणून तिने हट्टाने दोन नवे सेन्सर मागवले, क्षणात बदल टिपणारे. ते रंगाच्या बूथमध्ये बसवले आणि पडद्यावर करवतीसारख्या दातेरी रेघा उमटल्या.

पडदा प्लांटचे साहेब खुराना यांच्या केबिनमध्ये होता. गिऱ्हाईक कंपनीची माणसं दुसऱ्या दिवशी यायची होती.

“मॅडम, ये सेन्सर पागल है. ॲव्हरेज लगाओ, लाइन सीधी करो और रिपोर्ट पे साइन करो.”

“दोनों एक साथ पागल हो गए, सर?”

“आपका कन्फर्मेशन मेरे हाथ में है.”

“और साइन मेरे हाथ में. नहीं करूँगी.”

बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून खुरानांनी दार धाडकन लावलं. दोन-चार श्वासांत दोन्ही रेघा एकदमच उसळल्या. कुमुदिनी बघतच राहिली. तिने उठून दार उघडलं. रेघा खाली आल्या. पुन्हा लावलं. पुन्हा वर.

“ये क्या खेल रही हो, भई?”

ती उत्तर द्यायला थांबली नाही. खिडकीत कूलर घरघरत होता, ओल्या वाळ्याचा वास सोडत. कूलर म्हटला की हवा बाहेर जायला वाट ठेवावी लागते, हे दिल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक. खुरानांनी त्यासाठी मागच्या भिंतीत भोक पाडून जाळी बसवून घेतली होती. दार उघडं असलं की दमट हवा दारातून जाई. बंद झालं की सगळी त्या जाळीतून. आणि जाळीच्या पलीकडेच बूथसाठी हवा ओढणाऱ्या पंख्याचं तोंड होतं!

तिने कूलर बंद केला. दार लावून घेतलं. रेघा जागच्या हलल्या नाहीत.

“अरे, मर जाएँगे गरमी में!”

“मैं भी यहीं खड़ी हूँ, सर. मिस्त्री बुलाइए, जाली बंद करवाइए.”

“कल के बाद देखेंगे.”

“तो कल उनको यही दिखाऊँगी. दरवाज़ा खोल के, बंद कर के.”

खुरानांच्या कपाळावरून घाम ओघळला. त्यांनी कूलरच्या बटणाकडे हात नेला. कुमुदिनी बटणापुढे जाऊन उभी राहिली. अखेर त्यांनी दार उघडून बाहेर हाक मारली, “अरे कोई है? मिस्त्री को भेजो. सिमेंट लेके!”

जाळीवर शेवटचा थर बसेपर्यंत ती तिथेच उभी होती.