सर्व बंद

बडोद्यात कारेलीबागेत राहणाऱ्या मोहना दिघे यांनी २००३ साली मकरपुऱ्यातल्या पंपांच्या कारखान्यात फायरवॉल बसवली, म्हणजे इंटरनेटच्या वाटेवर पहारेकरी नेमला. मालक हसमुखभाईंनी लाभ चोघडियाचा मुहूर्त साधण्यासाठी ती चाचणीआधीच सुरू करायला लावली आणि सगळ्यांची मेल बंद पडली. दुबईला बाराच्या आत दरपत्रक जायचे होते.

"मोहनाबेन, तमारा चोकीदारे तो मनेज रोक्यो! काढी नाखो एने!" पहारेकऱ्याने मालकालाच अडवले, तो काढूनच टाका, म्हणून हसमुखभाई ओरडले.

मोहनाताईंनी नियमांची यादी उघडली. फायरवॉल नियम वरून खाली वाचत जाते, लागू पडणारा पहिला नियम सापडताच थांबते आणि 'सर्व बंद' हा नियम त्यांनी, सगळ्यांत महत्त्वाचा म्हणून, मानाने पहिला लिहिला होता. त्यांनी तो तळाशी, मेलच्या परवानगीच्याही खाली, नेला. पावणेबाराला दरपत्रक गेले.

"भले, रहेवा दो," शेठ हसले; क्रिकेटच्या स्कोअरची साइट मात्र अजून बंदच होती. "पण मारुं क्रिकेट चालु करो ने!"

"त्याला नवा नियम लागेल; लेखी अर्ज द्या, शेठ."