पोलादी हाताची चिमणी

भाऊजी पहिल्यांदा घरी आले तेव्हा दारानेच अंग चोरून घेतलं, असं ताईचा धाकटा भाऊ आजही शपथेवर सांगतो. त्यांनी हात मिळवला आणि धाकट्याला आपली बोटं एकेक करून परत मागून घ्यावी लागली. ताईने त्यांना घरच्यांना दाखवायला आणलं होतं. पण हे गृहस्थ डुगडुगणाऱ्या टेबलाकडेच बघत बसले आणि चहा यायच्या आत टेबलाखाली शिरून त्याचा पाय नीट करून बाहेर आले.

भाऊजी कारखान्यात लेथवर, लोखंड कातण्याच्या यंत्रावर. केसाइतकी चूक झाली तरी दोन दिवस जेवण जायचं नाही. घरी बोलणं म्हणजे ‘हं’. फारच खुशीत असले तर ‘हं हं’. अशा माणसाला धाकट्याने आपल्या रविवारच्या खेळात ओढलं. प्रत्येकाने एक पात्र व्हायचं, आपण काय करतो ते तोंडाने सांगायचं. जमलं की फसलं ते फासा ठरवणार. गोष्ट पुढे नेणारा धाकटा. ताई वैद्य. शेजारची नर्स बंदूकवाली, कारण दिवसभर सुया टोचून तिचं समाधान होत नसे. आणि भाऊजी रूप बदलणारा चोर, वर अंगात यंत्रं बसवलेला: डोळ्यात दुर्बीण, उजवा हात पोलादी.

“रूप बदललं की त्या हाताचं काय?” नर्सने पहिल्याच दिवशी विचारलं.

“अंगात विरघळतो,” धाकटा म्हणाला.

भाऊजी ताडकन उठले. “पोलाद विरघळतं? मेहुणे, लाज बाळगा! एवढं वजन जाईल कुठे?”

झालं, नियम ठरला: मांस बदलेल, लोखंड बदलणार नाही. तेव्हापासून भाऊजी अस्वल व्हायचे, रेडा व्हायचे आणि अशी डरकाळी फोडायचे की वरचे भाडेकरू जमीन ठोकायचे.

“लग्नाआधी एवढं बोलले असते ना,” ताई म्हणायची, “तर मी जरा विचार केला असता!”

त्या रविवारी भाऊजींचा चोर मनोऱ्याच्या टोकाला अडकला. जिन्यात शिपाई, खाली ताईचा वैद्य जखमी. भाऊजी खुर्चीवरच चढले. डोळे लकाकत होते.

“मी चिमणी होतो! खिडकीतून भुर्रर्र! उडालो!”

कोणी हसलं नाही. नर्सने तोंडावर हात ठेवला.

“अहो,” ताई हळूच म्हणाली, “हात.”

भाऊजींनी स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता.

धाकटा पुढे सरसावला. दोन वर्षं जपलेलं पात्र! “भाऊजी, आजच्यापुरता विरघळू दे की. कोण बघतंय?”

“मी बघतोय ना.”

“मग निदान फासा टाका.”

“वजनाला कसला फासा?”

चिमणी सरळ खाली गेली.

भाऊजी खुर्चीवरून उतरले, बसले. चेहरा पांढराफटक. “उडालो म्हणालो,” ते पुटपुटले. “मीच म्हणालो. मी!” ताईने त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

पुढच्या खेपेला भाऊजींनी नवं पात्र घेतलं: साधा सुतार, अंगात एक खिळाही नाही. तो जेमतेम एक रविवार टिकला. मग कारखान्याने भाऊजींना रविवारची पाळी लावली आणि खेळ बंद पडला.