फळ्यावरचे अडुसष्ट किलो

या गोष्टीला पाच वर्षं झाली आणि ती माझ्याबाहेर कुठेही गेलेली नाही. बायकोला माहीत नाही. आमचे प्रशिक्षक साळवे सर, त्यांना माहीत नाही. आणि ज्या माणसाला ती पहिल्याच आठवड्यात सांगायला हवी होती, त्याला तर नाहीच नाही.

आमच्या रोइंग क्लबात नवे सभासद आले की त्यांच्यासाठी स्वागताचं एक पान लिहून छापायचं काम माझ्याकडे असतं. पैठण रोडने चितेगाव ओलांडल्यावर कुठे वळायचं, किती वाजता यायचं, पोहता येत असल्याचा कागद कुणाकडे द्यायचा — एवढंच असतं त्यात. यंदाही तेच लिहायला बसलो. चार ओळी झाल्या आणि पेन थांबलं. पुन्हा तसंच स्वागत करायचं? एक गोष्ट पोटात ठेवून?

आधी चांगलं सांगतो. चांगलं पुष्कळ आहे.

स्वागताचा रविवार म्हणजे आमच्या क्लबाचा सण. सकाळी साडेसहाला माणसं जमतात. कुणी वाळूजची रात्रपाळी संपवून मोटरसायकलवर थेट आलेला, एक दातांच्या डॉक्टर, बँकेतले दोघे, कॉलेजची मुलंमुली. होडी खांद्यावर घेऊन तलावाच्या पाण्यापर्यंत न्यायची, हे पहिलं काम. उंच आणि बुटके एका बाजूला आले की ती कुणाच्या खांद्यावर असते, कुणाच्या नुसत्या बोटांवर. मग पाण्यात पडणं. आमच्याकडे पडणाऱ्यासाठी टाळ्या वाजतात, न पडणाऱ्यासाठी नाही. गेल्या वर्षी बँकेचे मॅनेजर टोपीसकट गेले आणि वर आले ते सगळ्यांना हात जोडतच. काठावर म्हशी घेऊन येणारे एक आजोबा दर वर्षी तेच ओरडतात आणि दर वर्षी आम्ही हसतो — "तोंड चितेगावाकडं आन् चालले बिडकीनाकडं! सरळ बसा की रं!"

आजोबांचं खरं आहे. आम्ही उलटे बसतो. होडी जिकडे जाते तिकडे आमची पाठ. चौघांच्या होडीत एक नंबरचा माणूस होडीच्या नाकापाशी बसतो, म्हणजे पुढच्या टोकाला. त्याला बाकी तिघांच्या पाठी दिसतात. त्याला कुणी बघत नाही. आणि शर्यतीत शेवटची रेषा चौघांत सगळ्यांत आधी तो ओलांडतो. अर्ध्या सेकंदाचा फरक असेल. पण आधी तो.

क्लब सुरू झाला तेव्हापासून त्या जागेवर मी बसतो. का, ते सांगतो.

वाळूजला एका कंपनीत माझं काम मोजमापाची साधनं तपासण्याचं आहे. गेज, मायक्रोमीटर, वजनकाटे. सव्वीस वर्षं तेच करतो आहे. मिलिमीटरच्या दोन-शतांश फरकासाठी मी मालाची अख्खी गाडी अडवून धरलेली आहे आणि प्लँट मॅनेजरच्या शिव्या खाल्ल्या आहेत. घरी दूधवाल्याचं मापसुद्धा मी तपासलं होतं. बायको अजून चारचौघांत ती हकिकत सांगते. तेव्हा क्लबात सभासदांची वजनं घेऊन फळ्यावर लिहायचं काम माझ्याकडे येणारच होतं. आलं. काटा मी स्वतः प्रमाणित वजनं ठेवून तपासला. शंभर ग्रॅमचीही चूक नव्हती.

वजन कशाला, असं तुम्हाला वाटेल. चौघांची होडी अरुंद आणि लांब असते. पुढच्या दोघांचं वजन आणि मागच्या दोघांचं वजन साधारण सारखं लागतं. पुढे जास्त झालं तर नाक पाण्यात घुसतं आणि होडी जड चालते. म्हणून एक नंबरची जागा हलक्या माणसाची.

सगळ्यांची वजनं घेऊन झाल्यावर त्या दिवशी मी एकटाच काट्यावर चढलो. एकोणऐंशी किलो. फळ्यावर मी लिहिलं — अडुसष्ट.

अडुसष्ट मी कधीकाळी होतो. लग्नाच्या आसपास. पण त्या दिवशी माझ्या हातात खडू होता, डोळ्यांसमोर काटा होता आणि मी बघून खोटं लिहिलं. पोट सुटल्याची लाज होती, की एक नंबरची जागा हवी होती? दोन्ही. त्यातलं काय किती, ते मला अजून मोजता आलेलं नाही.

पहिलं वर्ष काही बिघडलं नाही. माझ्यापुढे दोन नंबरला एक सडसडीत मुलगा बसायचा, त्यामुळे माझं जास्तीचं वजन खपून गेलं. त्याची बदली झाली. आणि स्वागताच्या रविवारी नामदेव कोळेकर आले.

कोळेकर खुलताबादजवळच्या एका वाडीचे. घरची मेंढरं, आता ते वाळूजला एका कारखान्यात प्रेस मशीन चालवतात. लोकर कातरण्याआधी मेंढरं तळ्यात धुवायची असतात, तिथेच लहानपणी ते पोहायला शिकले. पहिल्या दिवशी सरांनी विचारलं, पाण्याची भीती वाटते का? कोळेकर म्हणाले, "मेंढरू पाण्यात ढकललं की पाय मारतंच, सर. मीबी मारतो." आणि पहिल्याच फेरीत त्यांचं वल्हं अशा सफाईने पडलं की काठावर आधीच टाळ्या सुरू झाल्या — न पडता टाळ्या मिळालेला आजवरचा एकच माणूस.

मी त्यांचं वजन घेतलं. चौऱ्याहत्तर. सरांनी त्यांना दोन नंबरला बसवलं.

आता फळ्यावरचा हिशेब बघा. पुढे अडुसष्ट आणि चौऱ्याहत्तर, एकशे बेचाळीस. मागे त्र्याहत्तर आणि सत्तर, एकशे त्रेचाळीस. एका किलोचा फरक. होडी पाण्यावर सपाट चालायला हवी होती. ती नाकावर चालत होती. काठावरून सर ओरडायचे, "नाक घुसतंय! दोन नंबर, अंग टाकतोयस तू पुढं!"

दोन नंबर. कारण बाकी तिघे जुने होते, आणि आकडे तर बरोबर होते.

मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. एवढी साधी बेरीज मला जमणार नाही का? खरा आकडा पुढे एकशे त्रेपन्न होता. दहा किलो जास्त. मी कोळेकरांच्या मागे बसलो होतो, त्यांच्या पाठीवरचा घाम बघत वल्हं ओढत होतो.

कोळेकरांनी वजन कमी करायचं ठरवलं. कुणी सांगितलं नव्हतं, त्यांनाच वाटलं. चार भाकरीवरून दोनवर आले. कंपनीची बस सोडून सायकल धरली. दर रविवारी ते काट्यावर उभे राहायचे आणि मी आकडा वाचायचो. त्र्याहत्तर. बहात्तर. एकाहत्तर. तो मी अगदी अचूक वाचायचो, शंभर ग्रॅमसकट. एकदा मी त्यांना सल्लाही दिला — होय, मी — "रात्रीचा भात सोडून बघा." त्यांनी सोडला. अडीच महिन्यांत ते एकोणसत्तरवर आले. गालफडं बसली होती. आणि होडीचं नाक थोडं वर आलं, पण घुसायचं थांबलं नाही.

यात एक आणखी वाईट गोष्ट आहे. फळ्यावर आता पुढचं वजन मागच्यापेक्षा सहा किलोंनी कमी दिसत होतं. तरी नाक घुसतंय म्हणजे वजनाचा प्रश्नच नाही, असं सर म्हणाले. म्हणजे हाताचा दोष. म्हणजे माणसाचाच. कोळेकरांनी जितकं वजन उतरवलं तितके ते माझ्या आकड्यांमुळे जास्त दोषी ठरले.

शर्यतीला नाशिकला जायचं होतं. निघायच्या दोन आठवडे आधी सरांनी शेडमध्ये फळ्यावरून कोळेकरांचं नाव तळहाताने पुसलं आणि एका एकसष्ट किलोच्या मुलाचं लिहिलं. सरांना वाईट वाटत होतं; ते आकडे पुन्हा पुन्हा दाखवत राहिले. कोळेकरच त्यांना म्हणाले, "बरोबर हाय, सर. आकडा काय खोटं बोलतो व्हय? जाधव साहेबांनी मोजलंय."

जाधव म्हणजे मी.

तेव्हा बोलता आलं असतं. शेडमध्ये सातच माणसं होती. मी म्हणायला हवं होतं की फळा पुसा, मला तीन नंबरला बसवा आणि तीन नंबरवाल्याला माझ्या जागी. मी हा हिशेब घरी केला होता. खऱ्या वजनाने, आणि कोळेकर चौऱ्याहत्तरच राहिले असते तरी, पुढे एकशे सत्तेचाळीस, मागे एकशे एकोणपन्नास. कुणाला उतरवायची गरज नव्हती. कुणाला भात सोडायची गरज नव्हती. दोन माणसांनी जागा बदलायच्या होत्या, बस. कागद माझ्या खिशात होता. मी तो बाहेर काढला नाही.

नाशिकला होडी सपाट चालली. चालणारच. आम्ही तिसरे आलो. कोळेकर रजा टाकून आमच्याबरोबर आले होते. वल्ही त्यांनी उचलली, आमचे कपडे त्यांनी सांभाळले. शेवटच्या अडीचशे मीटरला ते काठाने चप्पल हातात घेऊन पळत होते आणि ओरडत होते, "दाबा! लई भारी! दाबा!" मी सगळ्यांत आधी रेषा ओलांडली. त्या अर्ध्या सेकंदात मला आनंद झाला, हेही लिहून ठेवतो. खराखुरा आनंद झाला.

त्यानंतर कोळेकर चौघांच्या होडीत बसले नाहीत. क्लब सोडला नाही. एकट्याच्या होडीत जातात, आणि स्वागताच्या रविवारी कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून नव्या लोकांसाठी होडी धरतात. पोह्यांच्या वेळी प्रत्येक जुन्या सभासदाने आपली एक फजिती सांगायची अशी पद्धत पडली आहे, म्हणजे नव्यांची भीती जाते. सगळ्यांत जास्त हशा कोळेकरांच्या फजितीला मिळतो. "मी दोन नंबरला बसलो की होडी खाली वाकून पाणी प्यायची — मेंढरागत! भाकरी सोडली, भात सोडला, तरी पितीच हाय! आता आमचं हाडच जड, त्याला होडी काय करणार?" ते वाकून दाखवतात. लोक पोटं धरून हसतात. चार वर्षं मीही हसलो. हसलो नसतो तर कुणाच्या लक्षात आलं असतं का? नसतं. तरी हसलो.

यंदाच्या अर्जांमध्ये एक अर्ज वैष्णवी कोळेकरचा आहे. त्यांची मुलगी, फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला. अर्जात एक रकाना असतो: कोणत्या होडीत बसायला आवडेल? तिने लिहिलं आहे — "एकटीची. चौघांची नको. आमच्या घरात हाड जड आहे."

तिथे माझं पेन थांबलं.

वैष्णवी, तुमच्या घरात हाड जड नाही. तुझ्या वडिलांचा हातही जड नव्हता. या तलावावर मी पाहिलेला तो सगळ्यांत चांगला हात आहे. होडीचं नाक मी बुडवत होतो. अकरा किलोंनी.

काल संध्याकाळी शेडमध्ये जाऊन मी काट्यावर उभा राहिलो आणि फळ्यावर माझ्या नावापुढचा आकडा पुसून खरा लिहिला: एक्क्याऐंशी किलो सहाशे ग्रॅम. एक नंबरच्या जागेवरून माझं नाव काढलं. तिथे कोण बसायचं ते सर ठरवतील. आता त्यांच्यापुढे खरे आकडे असतील. वजनं घ्यायचं काम मी सोडतो आहे. पदक घरी शोकेसमध्ये आहे. ते कोळेकरांना नेऊन द्यावं असं एकदा मनात आलं. पण ज्या शर्यतीतून मी त्यांना उतरवलं तिचंच पदक त्यांच्या हातात ठेवायचं — हा कसला न्याय? ते माझ्याकडेच राहू दे. रोज दिसतं.

नव्या सभासदांनो, रविवारी साडेसहाला या. चितेगाव ओलांडलं की डावीकडे पाण्याची टाकी दिसते, तिथून आत. कपड्यांचा एक कोरडा जोड आणा. तुम्ही पडाल, आणि आम्ही टाळ्या वाजवू. पाण्यात होडी धरून उभे असलेले कोळेकर तुम्हाला लगेच ओळखू येतील. मोठ्याने हसणारा माणूस तो.

हे पान मी छापायला देण्याआधी उद्या त्यांच्या घरी घेऊन जाणार आहे. तोंडाने सांगेन, मग पान हातात देईन. त्यांनी नको म्हटलं तर ते छापलं जाणार नाही. मग साळवे सरांना आणि जुन्या सभासदांना मी समोर उभं राहून सांगेन. तेव्हा हे तुमच्या हातात आलं असेल, तर कोळेकरांनी ते वाचलं आणि छापा म्हणाले, एवढाच त्याचा अर्थ आहे. त्यापुढचा कोणताही अर्थ मी त्यातून काढणार नाही.