अपडेट फसलं आणि खाली मोटर सुरू झाली

मंडळी, दुपारी काय झालं ते ऐका.

लॅपटॉपचं अपडेट पुन्हा फसलं. स्क्रीनवर आलं, 'बदल मागे घेत आहोत. बंद करू नका.' मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, म्हणून नुसती बघत बसले.

तेवढ्यात खालून धडधड ऐकू आली. सासूबाई ताडकन उठल्या. "अगं, ही तर आपल्या विहिरीची मोटर!"

करमाडजवळची आमची विहीर दुष्काळात आटली. शेत विकल्यावर बिल्डरनं ती बुजवली. आता तिच्यावर आमच्याच बिल्डिंगचं पार्किंग आहे.

लॅपटॉप सुरू झाला आणि आवाज थांबला. खाली जाऊन पाहिलं, तर पार्किंगची फरशी ओली.

आता स्क्रीनवर 'पुन्हा प्रयत्न करा' आलंय. सासूबाई हंडा घेऊन शेजारी बसल्यात. "दाब गं, परत फसू दे."

दाबू का?